विळीपलीकडचा समुद्र

माझ्या आईला समुद्र ठाऊक आहे तो माशांच्या पोटातून. परकरात होती तेव्हापासून ती विळीवर मासे चिरते आहे आणि चिरताना बघते आहे. तारलीच्या पोटात हिरवट लगदा असतो, इसवणाच्या पोटात कधी अख्खी तारली निघते, तांबोशी आणि गोबऱ्याच्या पोटात कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे. पावसाळा तोंडावर आला की बांगड्याला गाबोळी, म्हणजे अंडी, धरते. अमुक एक मासा बर्फात किती दिवस पडून होता हे तिला कल्ला उघडायच्या आधी, नुसत्या वासावरून आणि अंगठ्याखाली मांस किती दबतं त्यावरून कळतं. म्हापशाच्या बाजारात ती मासा आडवा धरते. तो ताठ राहिला तर पुढचं बोलणं, मान टाकली तर पुढची पाटी.

मत्स्यशास्त्रज्ञ याहून वेगळं काही करत नाहीत. मासा उघडायचा, पोटात काय आहे ते बघायचं, अंडी कुठल्या टप्प्यावर आहेत ते टिपून ठेवायचं. आईने फक्त कधी टिपून ठेवलं नाही.

आणि एवढं असून ती कधी समुद्रावर गेली नव्हती. वाढली वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, लग्न करून आली म्हापशाला. आयुष्यभर दर्याच्या वाऱ्यात राहिली, पण तिचा समुद्र वाळूपाशी संपायचा आणि थेट विळीवर पुन्हा सुरू व्हायचा. मधला सगळा भाग पुरुषांचा. लहानपणी तिचे भाऊ होडीतून जायचे. मुलींनी होडीत पाय ठेवायचा नाही, असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं आणि त्याला कारण द्यायची कोणाला गरज वाटत नव्हती. पुढे बाबाही रविवारी शिवोलीकडे गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जायचे. तेव्हाही आईने "मी येऊ?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माका एकदा बगूचा असा, ह्ये खंय रवतत ता."

म्हणजे हे मासे राहतात कुठे, ते तिला एकदा बघायचं होतं. सत्तरी ओलांडल्यावर.

बाबांच्या गुडघ्यांनी होडी कधीच बंद केली आहे. ते म्हणाले, जा तुम्ही दोघी. मग उठून कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी आपली लाकडी पट्टी काढली, तंगूस, म्हणजे गरीची नायलॉन दोरी, गुंडाळलेली. तंगूस जुना होऊन कडक झाला होता, तो टाकून दिला आणि बाजारातून नवा आणून संध्याकाळभर पट्टीवर गुंडाळत बसले. शिशाचा गोळा बांधला, गऱ्या बांधल्या, प्रत्येक गाठ दाताने ओढून पाहिली.

शनिवार आईचा शाकाहाराचा, त्या दिवशी माशाच्या वाटेला जायचं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही शिवोलीला मावशीकडे मुक्कामाला गेलो आणि होडी ठरवली रविवारी पहाटेची, शापोऱ्याच्या धक्क्यावरून. होडीवाले तांडेल पन्नाशीतले. आठवडाभर कांडाळी, म्हणजे मासे अडकवणारी जाळी, घालतात, रविवारी कोणी आलंच तर गरवायला नेतात. फायबरची होडी, मागे मोटर, एक तरुण खलाशी. आईकडे बघून त्यांनी "म्हातारी कशाला?" वगैरे काही म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी फक्त फोनवर सांगितलं, "सहाच्या आत या. पाणी भरलेलं असताना बाहेर पडूया."

शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. वर महाराष्ट्रात हिलाच तिळारी म्हणतात. घाटातून आणलेली माती-वाळू ती इथे, मोरजी आणि शापोऱ्याच्या मध्ये, समुद्राच्या तोंडाशी टाकते. त्यामुळे पाणी उतरलेलं असताना मोठी बोट इथे अडकू शकते. भरतीची वेळ माहीत असणं हा या धक्क्यावर शहाणपणाचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

होडीत चढताना आईने साडी खोचली, एका हाताने माझा खांदा धरला आणि गुडघाभर पाण्यातून सरळ पाय उचलून आत ठेवला. मी जितकी घाबरले होते त्याच्या पावभरही ती घाबरली नव्हती. साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळला होता, त्यामुळे मिट्ट काळोख आणि डोक्यावर चांदण्यांचा खच. मतलई वारा सुटला होता, जमिनीवरून समुद्राकडे, थंड, शेणामातीचा आणि वाळत्या गवताचा वास घेऊन.

"आज अष्टमी," आई म्हणाली. मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी. तिथी तिला कधी विचारावी लागत नाही.

"म्हणूनच सहा वाजता," तांडेल म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं गोव्यात राहून कधी ऐकलं नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण त्यामागचं गणित पक्कं आहे. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, आणि एक तिथी पुढे सरकली की या हिशेबात पंचेचाळीस मिनिटं वाढतात. फोनवर आता सगळी कोष्टकं मिळतात. तांडेल तीही बघतात. पण हिशेब आधी बोटांवर होतो, मग फोन.

आईने ते ऐकून घेतलं आणि गप्प झाली. तिच्याकडे आयुष्यभर तिथी होत्या. उपासाच्या, सणाच्या, श्राद्धाच्या. त्याच तिथींच्या मागे पाणी चढतं-उतरतं हेही तिला मोघम ठाऊक होतंच, पौर्णिमेचं उधाण कोणाला ठाऊक नसतं? पण पाऊणपट तिच्या हातात कोणी दिली नव्हती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मग एकादशीक?" तांडेल म्हणाले, "सव्वाआठ." ती म्हणाली, "चतुर्थीक तीन." उत्तर तिने स्वतःच काढलं होतं.

अष्टमी गरवायला चांगली, असंही ते म्हणाले. उधाणाला पाण्याची ओढ इतकी की शिसं तळाला टिकत नाही, तंगूस तिरका होऊन होडीखाली जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीतलं अंतर कमी, पाणी शांत, दोरी सरळ खाली उतरते.

नदीच्या मुखाशी शेवटे उड्या मारत होते. काळ्या पाण्यातून एकदम काहीतरी चांदीचं वर यायचं आणि थप्पकन पडायचं. २०१६ साली सरकारने शेवट्याला गोव्याचा राज्यमासा केलं. आईला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि अजून पटलेलं नाही, तिच्या मते तो मान बांगड्याचा. शेवटा खाडीतला, चवीला चांगला, पण गरिबाच्या ताटात वर्षभर कोण असतं? या मुद्द्यावर मी तिच्या बाजूने आहे.

बांध ओलांडताना होडीने दोन-तीनदा नाक वर केलं आणि मग आम्ही बाहेर होतो. मागे शापोऱ्याच्या किल्ल्याची काळी कड, डावीकडे वागातोरचे दिवे. समोर लांबवर क्षितिजापाशी आणखी दिवे होते, पांढरे, डोळ्याला खुपणारे. आईने विचारलं, ते कोणतं गाव. तांडेल बराच वेळ काही बोलले नाहीत.

ते गाव नव्हतं. प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करायची आणि एकदम घेरायची, या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. त्या बोटी तेच करत होत्या का, हे एवढ्या लांबून आम्ही सांगू शकत नव्हतो. पण तांडेलांच्या गप्प बसण्यात बरंच काही होतं. गोव्यात हे भांडण जुनं आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेऊ लागले, तेव्हा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्या लढ्याचे नेते. त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी झाली. कायदा आहे. पाच किलोमीटरची रेघ पाण्यावर दिसत नाही एवढंच.

याचं दुसरं टोक आईने बाजारात पाहिलं आहे. अलीकडे पाट्यांवर बोटाएवढे बांगडे येतात, स्वस्तात, ढिगाने. ती त्यांना हात लावत नाही. विकणारीला तोंडावर सांगते, "पिल्लां खाल्ल्यात तर फुडच्या वर्सा काय खाशात?" विकणारी तरी काय करणार, जाळ्यात जे येतं ते तिच्या पाटीत येतं. जून-जुलैची बंदी पूर्वी ४७ दिवसांची होती, २०१५ पासून ती ६१ दिवसांची झाली. नेमका त्याच पावसाळ्यात बांगडा अंडी घालतो. हे जेव्हा मी आईला पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, गाबोळी बघितली असती तर कोणालाही कळलं असतं.

उजाडता उजाडता तांडेलांनी मोटर बंद केली. त्यांनी किल्ल्याचा एक बुरूज आणि वागातोरच्या डोंगरावरचं एक झाड एका रेषेत आणलं, दुसरीकडे आणखी दोन खुणा जुळवल्या आणि नांगर सोडायला सांगितलं. खाली खडप होतं. आठ वाव पाणी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. आईने लगेच हात पसरून बघितले.

आधी त्यांनी बांगड्याची दोरी दिली, एका दोरीला चमकत्या धाग्यांच्या पाच-सहा गऱ्या, आमिष नाही, नुसती वरखाली हलवायची. ती आईच्या हातात होती. काही वेळ काही नाही. मग तिचा हात एकदम थरथरला, तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत ती ओढायला लागली होती, हातावर हात टाकून, भराभर, विहिरीचं पाणी काढतात तशी.

तीन बांगडे वर आले.

होडीच्या फळीवर बांगडा पडतो तेव्हा तो तडफडत नाही, वाजतो. शेपटी इतकी वेगाने मारतो की एकच सलग कर्रर्र असा आवाज येतो. आईने त्यातला एक दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तोंडाजवळ आणला. नुकता उगवलेला सूर्य त्याच्यावर पडला होता. पाठ हिरवी-निळी, आणि पाठीखालून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सोन्याच्या रेघा. पिवळ्या नव्हेत, सोन्याच्या. कल्ल्यामागच्या पंखाखाली तो एक काळा ठिपका, जो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण त्या रेघा आपण काळपट म्हणून ओळखतो. बाजारातल्या बांगड्यावर त्या राखाडी-काळ्याच असतात, आणि तोच त्याचा रंग असं आपण धरून चालतो. जिवंत बांगड्यावर सोनं असतं.

"जितो बांगडो मी पयल्यांदा बगतंय," आई म्हणाली.

तिने किती बांगडे चिरले असतील याचा विचार माझ्या मनात आला. हजारोंनी. माझ्या वाढीतली निम्मी हाडं त्या बांगड्यांची आहेत. आणि त्या हजारोंमधला एकही तिने असा पाहिला नव्हता. तिच्या हातात तो पडायच्या आधीच सगळं होऊन गेलेलं असायचं.

ती बघत होती आणि तिच्या बोटांच्या मध्ये रंग उतरत होता. शेपटीकडून आधी, मग मधून. पाच-सात मिनिटांत रेघा मळकट झाल्या, आणि तो तिच्या ओळखीचा बांगडा झाला.

"ह्यो सोन्याच्यो रेगो मगे खंय जातत?" तिने तांडेलांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत की हसले नाहीत. म्हणाले, मावशे, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. आम्ही मोजतो आणि बर्फात टाकतो.

नंतर तळाची गरवणी सुरू झाली, बाबांच्या पट्टीवर. हे काम वेगळं. शिसं तळाला टेकलं की हातभर वर उचलायचं, तंगूस तर्जनीवरून घ्यायचा आणि बोटाने ऐकायचं. आमिष सुंगटांचं होतं. बोटाला बारीक टक-टक जाणवायची आणि दोरी ओढली की गरी मोकळी, आमिष साफ. खलाशी म्हणाला, केंड आहे खाली, त्याचे दात कात्रीसारखे चालतात. एक केंड वर आलाही, होडीत येता येता फुगून चेंडू झाला आणि रागाने करकरला. त्याला सोडून दिला. पुन्हा सुंगट, पुन्हा टक-टक, पुन्हा रिकामी गरी.

तेव्हा आई म्हणाली, सुंगटं कशाला देताय? इथे दगड आहेत म्हणता ना? दगडातल्या माशांच्या पोटात मला कुर्ल्या मिळतात.

तांडेलांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. कोणाच्या पोटात? केवढ्या कुर्ल्या? कवच मऊ की कडक? ती सांगत गेली. गोबऱ्याच्या पोटात पाय मोडलेल्या बारक्या कुर्ल्या, तांबोशीच्या पोटात कवचाचा चुरा आणि सुंगटांची डोकी, मुड्डोशीत किडे. पालूबद्दल तिला खात्री नव्हती, तसं तिने सांगितलं. दोघं समोरासमोर उकिडवी बसून बोलत होती, तो कोकणीत आणि ती मालवणीत, आणि मी मध्ये असल्याचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. त्याला ठाऊक होतं मासे कुठे असतात, तिला ठाऊक होतं ते तिथे काय करतात. मीही एक विचारलं, भाद्रपदात इथे काय लागतं? ते म्हणाले, त्या दिवसांत तळाला कधी कधी काहीच नसतं. त्याचं एक कारण दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोजून दाखवलेलं आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं आणि तळ घुसमटतो. हिवाळा येईल तसं ते मागे हटतं. आई म्हणाली, म्हणजे त्यांचाही श्रावण असतो तर.

कांडाळीत अडकलेल्या दोन बारक्या कुर्ल्या खलाशाकडे बादलीत होत्या. एक अर्धी तोडून गरीला लावली.

मला वाटतं पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आईचं बोट तंगूसावर, मान तिरकी, डोळे मिटलेले. यावेळी टक-टक झालीच नाही. तिचा अख्खा हात खाली गेला, होडीच्या काठावर आपटला.

"बेगीन ओड, मावशे! पयलो वाव बेगीन ओड!" तांडेल ओरडले. गोबरा आमिष घेतो आणि थेट बिळाकडे वळतो. पहिला वाव आपण जिंकलो तर मासा आपला, नाहीतर तो दगडात शिरून कल्ले फुगवून बसतो आणि तंगूस तुटतो. आई उठून उभी राहिली. मी तिच्या कमरेला मागून धरलं. तिने ओढलं, दाताखाली ओठ दाबून ओढलं. तंगूस तिच्या तळव्यात रुतत होता, मी "मला दे" म्हटलं तर तिने मान हलवली.

गोबरा दीड-दोन किलोचा असेल. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, एवढं मोठं तोंड. फार मोठा मासा नव्हे, शापोऱ्याच्या धक्क्यावर कोणी मान वळवून बघणार नाही असा. आईने त्याचं तोंड उघडून आत पाहिलं आणि पोटावरून अंगठा फिरवला. "भरलेला असा," ती म्हणाली.

दहाच्या पुढे वारा पडला आणि मग दिशा बदलून खारा वारा सुटला. निघालो. येताना ओहोटी लागली होती, पण भांगाची ओहोटी, होडीपुरतं पाणी बांधावर होतं.

धक्क्यावर बायकांची गर्दी होती. पाट्या, बर्फ, आरडाओरडा, लिलाव. आई बादली घेऊन उतरली. केस विस्कटलेले, साडी खारट पाण्याने कडक, तळव्यावर लाल वळ. एका मासळीवालीने तिच्या बादलीत डोकावून विचारलं, "कितें दर गे?"

आयुष्यभर आईने हा प्रश्न विचारला होता. तिला तो विचारला गेला नव्हता. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "विकूचो नाय. माझो असा." मग तिथेच थांबून तिने त्या बाईला विचारलं, तुम्ही जाता का हो कधी होडीतून? बाई म्हणाली, नवरा नेत नाही. आई म्हणाली, आठाची पाऊणपट सहा. बाईला काही कळलं नाही. आईने मग तिला सगळं समजावून सांगितलं, बोटांवर मोजून, लिलावाच्या गोंगाटात, आणि मी बादली धरून उभी राहिले. ऊन चढलं होतं पण मी तिला घाई केली नाही.

घरी बाबांनी नारळ खवून ठेवला होता, तिरफळं भिजवली होती. बांगड्याची उड्डमेथी की वेंगुर्ल्याचं तिखलं यावर दोघांचं नेहमीचं झालं आणि नेहमीप्रमाणे तिखलं झालं. गोबरा मात्र आईने सगळ्यात आधी घेतला. पोट उघडलं आणि मला हाक मारली. आमची अर्धी कुर्ली तर होतीच, तिच्यामागे आणखी दोन होत्या, आमच्या नव्हेत, त्याने स्वतः मिळवलेल्या. एकीचे पाय अजून शाबूत होते. आईने ती तळहातावर घेऊन बाबांना नेऊन दाखवली.

जेवण झाल्यावर ती कालनिर्णयासमोर उभी होती. पुढची अष्टमी सोमवारी पडत होती, आणि सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत. तिने बोट एक घर मागे घेतलं. रविवार, वद्य सप्तमी.

"साताची पाऊणपट सव्वापाच," ती म्हणाली. "म्हणजे चाराक उटूचा लागतला."

बाबा खुर्चीतून म्हणाले, वद्य सप्तमीला पहाटे चंद्र डोक्यावर असतो, उजेडाची चिंता नको. आणि तंगूस आणखी दोन वाव लागेल, तो मी उद्या आणतो.